आजोबांच्या दुकानाचा फोटो १९४२ चा नाही

ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, आमच्याकडे सगळं कुटुंब जमतं. यंदा शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत असतानाच चुलतभावाने एक जाडजूड फाइल सतरंजीवर ठेवली. मिरजेतल्या आमच्या सायकलच्या दुकानासमोरचा रस्ता रुंद होणार असं म्हणतात. सुनावणी लागली आहे, आणि दुकान किती जुनं आहे याचे पुरावे द्यायचे आहेत. पुराव्यांत सगळ्यात वर आजोबांचा फोटो होता.

हा फोटो मी लहानपणापासून पाहत आलोय. दुकानाच्या पायरीवर आजोबा बसलेत, डोक्यावर टोपी, हातात पाना. मागे उलट्या टांगलेल्या सायकली. वर पत्र्याचा फळा. बाजूच्या भिंतीवर काहीबाही चिकटवलेलं. फ्रेमच्या तळाशी चाचांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे : ‘सन १९४२, मिरज संस्थान.’ याच फोटोच्या आधाराने दुकानाच्या नव्या फ्लेक्सवर ‘स्थापना १९४२’ असं छापून घेतलं आहे. आमच्या घरात ही तारीख कुणी कधी तपासली नव्हती. वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं कोण तपासतं?

फाइलसाठी भावाने फोटो काचेतून काढून चांगला स्कॅन करून आणला होता. मी तो मोबाइलवर मोठा करून पाहू लागलो, आणि पाहता पाहता शीरखुर्मा गार झाला. दाराच्या चौकटीवर ‘अ‍ॅटलस’ सायकलची पत्र्याची पाटी होती. ही कंपनी सोनीपतला १९५१ मध्ये सुरू झाली. खाली खडूने लिहिलं होतं, ‘१ तास – १५ पैसे’. १९४२ मध्ये रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. तेव्हा कुणी ‘पंधरा पैसे’ भाडं सांगितलं नसतं, तीन-चार आणे सांगितलं असतं. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. आणि भिंतीवरच्या फाटक्या पोस्टरवर ‘आराधना’ ही अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. तो सिनेमा १९६९ चा. १९४२ मध्ये तर राजेश खन्नाचा जन्म व्हायचा होता, तो झाला त्या वर्षाच्या डिसेंबर अखेरीस.

आजोबा वारले १९७४ मध्ये. म्हणजे फोटो १९६९ ते १९७४ या पाच-सहा वर्षांतला. मी हे बोलून दाखवलं आणि बैठकीत शांतता पसरली. चाचा मराठी उत्तम बोलतात, पण रागावले की घरच्या बोलीवर येतात. म्हणाले, “क्या रे, दादाकू झूठा ठैराता क्या?”

मी आजोबांना खोटं ठरवत नव्हतो. फोटोही खोटा नव्हता. खोटी होती ती खाली लिहिलेली तारीख, आणि ती आजोबांनी लिहिलेली नव्हती. पण हा फरक त्या दिवशी मला नीट सांगता आला नाही. म्हणून हा लेख.

हल्ली प्रत्येक गावाच्या जुन्या फोटोंचा पूर आला आहे. मोबाइलवर रोज एखादा तरी येतो : जुनी बाजारपेठ, जुना चौक, टांगे, कौलारू दुकानं. खाली एक सन, आणि त्याखाली ‘गेले ते दिवस’. सन बहुतेक वेळा अंदाजाने टाकलेला असतो. फोटो काळा-पांढरा असला की स्वातंत्र्यपूर्व, पिवळट असला की त्याहून जुना. प्रत्यक्षात आमच्यासारख्या गावांत काळे-पांढरे फोटो १९८० नंतरही निघत होते, कारण रंगीत रोल आणि त्याची धुलाई महाग पडायची. फोटोचा रंग पाहून काळ ठरवणं म्हणजे केस पिकले की माणूस ऐंशीचा असं म्हणण्यासारखं आहे.

फोटोची तारीख काढण्याची रीत तशी सोपी आहे. ती मी काही वर्षं चुका करत करत शिकलो. पहिला नियम : फोटोतल्या सर्वांत नव्या वस्तूकडे बघा. जुन्या वस्तू काहीच सिद्ध करत नाहीत. पत्र्याची पाटी पन्नास वर्षं लटकत राहते, टांगा रिक्षा आल्यावरही धावतो, म्हातारा माणूस तरुणपणीचाच फेटा बांधतो. पण जी वस्तू अजून जन्मालाच आलेली नाही ती फोटोत येऊ शकत नाही. म्हणून सर्वांत नवी वस्तू सांगते, ‘याच्या आधी नाही’. दुसरा नियम : जे पुढे नाहीसं झालं ते शोधा. पाडलेली इमारत, वारलेला माणूस, बदललेलं नाव. ते सांगतं, ‘याच्या नंतर नाही’. या दोन खुंट्यांमध्ये फोटो टांगायचा. एकच सन सांगायचा मोह टाळायचा. ‘१९६९ ते १९७४’ हे उत्तर ‘१९४२’ पेक्षा कमी रुबाबदार आहे, पण ते खरं आहे. तिसरा नियम : फोटोत एखादी गोष्ट नाही, यावरून फार काही ठरवू नका. कॅमेऱ्याने पाठ केली त्या बाजूलाही गाव होतंच.

दुकानांच्या पाट्यांवर तर तारखांचा खजिनाच असतो. मिरजेचंच घ्या. पाटीवर किंवा पावतीवर ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर ती १९४९ ते १९६० च्या मधली, कारण आपला सांगली जिल्हा या काळात दक्षिण सातारा म्हणून ओळखला जात होता. ‘एम. अँड एस. एम. रेल्वे’ असा उल्लेख असेल तर ती पाटी रंगवली गेली १९५१ च्या आधी. मिरज संस्थान मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, पण ‘संस्थान’ हा शब्द काही पाट्यांवर पुढेही राहिला असेल. कारण पाटी रंगवायला पैसे लागतात आणि पेंटर उधारीवर काम करत नाही. ‘महानगरपालिका’ दिसली तर १९९८ च्या पुढचं. पत्त्यात पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. भाव ‘नव्या पैशांत’ लिहिला असेल तर साधारण १९५७ ते १९६४, कारण १९६४ च्या जूनपासून ‘नवे’ हा शब्द सरकारनेच काढून टाकला. कापड वारावर विकलं जात असेल आणि धान्य शेर-पायलीने, तर मेट्रिक मापं अजून रुळलेली नाहीत असं समजायचं. गाड्यांच्या नंबरात ‘एमएच १०’ असेल तर १९८९ च्या मध्यानंतरचं. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडा असायचा.

मराठीच्या शुद्धलेखनानेही फोटोची तारीख कळते. ‘येथें सायकली दुरुस्त होतील’, ‘उधार मिळणार नाहीं’, ‘कांहीं’ अशी शेवटच्या अक्षरावर टिंबं असतील तर पाटी जुन्या वळणाची. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी ही न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली. अर्थात पेंटर काही नियमांचं पुस्तक वाचून ब्रश उचलत नाही, त्यामुळे दहा-पंधरा वर्षं इकडेतिकडे धरायची. पण टिंबं अजिबात नसलेली, सगळी पाटी आजच्यासारखी असलेली, आणि खाली ‘१९३५’ लिहिलेलं दिसलं की माझ्या मनात शंका येते.

आता एक असं साधन सांगतो जे आपल्या घरात भिंतीवर टांगलेलं असतं आणि तरी कुणी वापरत नाही. हिजरी कॅलेंडर. आपलं वर्ष चंद्राचं, त्यात अधिक महिना नाही, म्हणून ते इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. रमजान आणि मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरत राहतात आणि साधारण तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत येतात. त्यामुळे फोटोत मोहरमचे पंजे, ताबूत किंवा ईदगाहची नमाज असेल आणि सोबत ऋतू ओळखू येत असेल (छत्र्या, आंब्याच्या पाट्या, स्वेटर), तर सन बराच अलीकडे-पलीकडे बांधता येतो.

मागच्या वर्षी एका ओळखीच्या गृहस्थांनी मला एक फोटो पाठवला. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं. डावीकडे सार्वजनिक गणपतीचा मांडव, आत मूर्ती स्पष्ट दिसतेय. उजवीकडे, पंधरा-वीस पावलांवर, पंज्यांची सवारी, लोबानचा धूर, आणि दोन्हीकडे मिसळलेली गर्दी. खाली लिहिलं होतं : ‘१९६५. तेव्हा माणसं माणसांसारखी राहत होती.’

फोटो पाहून माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. पण १९६५ मध्ये मोहरम आला होता मे महिन्यात, भर उन्हाळ्यात. गणपती बसतात भाद्रपदात. त्या वर्षी हे दोन्ही एका गल्लीत, एका दिवशी असणं शक्यच नव्हतं. भाद्रपद आणि मोहरम हे दोन्ही चंद्राचेच महिने, पण हिंदू पंचांगात अधिक मास धरतात, आपल्यात नाही. म्हणून ते दोघे साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांनी भेटतात, आणि भेटले की दोन-तीन वर्षं हातात हात घालून चालतात. १९५३ आणि १९५४ मध्ये ते भेटले. मग १९८५, १९८६ आणि १९८७ मध्ये. मग २०१८, २०१९ आणि २०२० मध्ये. मधली सगळी वर्षं बाद.

फोटोच्या कोपऱ्यात एका दुकानासमोर हिरो होंडाची मोटरसायकल उभी होती. ती बाजारात आली १९८५ मध्ये. म्हणजे १९५३-५४ गेलं. तिच्या नंबरप्लेटवर तीन अक्षरं होती, आणि वर तारांवर एकही डिश नव्हती, फ्लेक्स नव्हता. म्हणजे २०१८ ही गेलं. उरली तीन वर्षं : १९८५ ते १९८७.

हे उत्तर मिळालं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण या वीस वर्षांच्या फरकाने फोटोचा अर्थच बदलतो. १९६५ चा म्हटला की तो एका हरवलेल्या जगाचा फोटो होतो. आपल्या आजोबांचं जग, नेहरूंनंतरचं, साधंभोळं, आपल्या हाताबाहेर गेलेलं. आपण उसासा टाकतो आणि मोकळे होतो. पण १९८६ च्या आसपासचा म्हटला की तो माझ्या पिढीचा फोटो होतो. त्या गर्दीतली हाफ पँटमधली पोरं आज पन्नाशीला आली आहेत. ती आजही त्याच बाजारात दुकान उघडतात. त्यांच्याकडे जाऊन विचारता येतं : तेव्हा मांडव आणि पंजे एवढे जवळ कसे होते? मिरवणुकीची वेळ कुणी ठरवली होती? आवाज कुणी कमी केला होता?

एकोप्याचे फोटो आपण नेहमी मागे ढकलतो. भांडणाच्या बातम्या मात्र ताज्या वाटतात, अगदी तीस वर्षांपूर्वीच्या असल्या तरी. ही सवय निरागस नाही. सलोखा जितका जुना, तितकी तो टिकवण्याची आपली जबाबदारी कमी. ‘गेले ते दिवस’ म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही. सांगली-कोल्हापूरकडे मशिदीत गणपती बसवणारं गोटखिंडी आहे, कुरुंदवाड आहे, ताबुतांच्या भेटींचं कडेगाव आहे. ही गावं आजही नकाशावर आहेत. योग्य तारीख टाकली की दिसतं, ते दिवस पूर्ण गेलेले नाहीत, आणि जे गेले ते आपल्या डोळ्यांदेखत गेले.

चुकीची तारीख दुसऱ्या बाजूनेही चावते. जुन्या बाजारपेठेच्या फोटोंत उर्दू अक्षरं असलेल्या पाट्या दिसतात : अत्तरवाले, टोप्यांची दुकानं, हकीम, पुस्तकं बांधणारे, घड्याळजी. अशा फोटोखाली हमखास कुणीतरी लिहितं की हे सगळं हल्लीचं आहे, पूर्वी असं काही नव्हतं. उत्तरादाखल आपल्यातला कुणीतरी लिहितो की हे आदिलशाहीपासूनचं आहे. दोघांनीही फोटोकडे नीट पाहिलेलं नसतं.

पाटीचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो ते आपण अलीकडेच पाहिलं. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या इमारतीवर मराठीसोबत उर्दूत नाव होतं. त्यावर आक्षेप घेतला गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १५ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने उर्दू पाटी बेकायदा नाही असा निकाल दिला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. तो महत्त्वाचा आहेच. पण माझं लक्ष एका तारखेने वेधून घेतलं. नगर परिषदेने आपल्या ठरावात म्हटलं होतं की इथे उर्दूचा वापर १९५६ पासून होतो आहे. ‘फार पूर्वीपासून’ नाही, ‘बापजाद्यांपासून’ नाही. एक सन. अशा वेळी भावना कामाला येत नाहीत, सन येतो. आणि तो सन खरा असावा लागतो.

आपल्याकडे असे सन सांगणारे कागद कमी आहेत, याला कारणं आहेत. अनेक घरांत तसवीर काढणं चांगलं मानलं जात नव्हतं. माझ्या आजीचा एकच फोटो आहे, हजच्या कागदपत्रांसाठी काढलेला, तोही तिने नाराजीने काढून घेतला. आपली माणसं बहुतेक छोट्या धंद्यात : तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी, शिकलगार, सायकल-घड्याळ-छत्री दुरुस्त करणारे. या धंद्यांत ना समारंभ होतात, ना उद्घाटनाला फोटोग्राफर येतो. म्हणून जुन्या फोटोंत आपले पूर्वज सापडतात ते योगायोगाने. कुणीतरी पेढीचा, थिएटरचा किंवा मिरवणुकीचा फोटो काढत होतं आणि कडेला आपला एखादा आजोबा पंक्चर काढत बसला होता. फोटोच्या मध्यभागी असलेल्यांची नावं आणि तारखा कुठेतरी नोंदलेल्या असतात. कडेला असलेल्यांची तारीख त्या फोटोतूनच काढावी लागते. म्हणून ही विद्या सर्वांत जास्त कडेच्या माणसांच्या कामाची आहे.

मिरजेच्या सतारमेकरांचं उदाहरण बघा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून तंतुवाद्यं बनवणारे कारागीर तयार झाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, १९३७ मध्ये गेले, आणि त्यांची मजार इथल्या दर्ग्याच्या आवारात आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढा मोठा वारसा, पण त्या गल्लीतल्या दुकानांचे फोटो मात्र बिनतारखेचे. सुकत टांगलेले भोपळे, तुणीचं लाकूड, मांडी घालून बसलेला कारागीर. हे दृश्य १९४० मध्ये जसं दिसेल तसंच १९९० मध्ये दिसेल. भोपळ्याला सन नसतो. म्हणून असा फोटो कुणीही कुठल्याही काळात चिकटवतो. तिथे कडेला भिंतीवरचं कॅलेंडर, विजेचं बटण, कारागिराच्या मनगटावरचं घड्याळ हेच आधार. कुणी ‘जरा स्वच्छ दिसावा’ म्हणून असा फोटो कापला, की आधार गेला.

म्हणूनच हल्लीच्या एका खेळाची मला भीती वाटते. जुना फोटो संगणकाला द्यायचा आणि तो रंगीत, चकचकीत करून घ्यायचा. संगणकाला पाटीवरचं अक्षर वाचता आलं नाही की तो आपल्या मनाने अक्षरासारखं काहीतरी रेखाटतो. देवनागरीचं तो वेडंवाकडं करतो, उर्दूचं तर नुसतं वळवळणारं नक्षीकाम. नंबरप्लेट पुसली जाते, पोस्टर धूसर होतं. फोटो सुंदर होतो आणि मुका होतो. रंगवायचाच असेल तर मूळ प्रत शेजारी ठेवा, तेवढं तरी करा.

मला माहीत आहे, काही वाचक म्हणतील : इतकी कीस कशाला पाडायची? आठवण महत्त्वाची, सन नाही. चाचांचंही हेच म्हणणं होतं. माझं उत्तर असं की आठवणीचा मान राखायचा तर तिच्यावर तिला न पेलणारं ओझं टाकू नये. ‘आजोबांचं दुकान संस्थानाच्या काळापासून होतं’ ही आठवण आहे. ती खरी असू शकते. या फोटोने ती खोटी ठरत नाही, कारण १९७० च्या फोटोत दिसणारं दुकान १९४२ मध्येही असू शकतं. पण या फोटोने ती खरीही ठरत नाही. फोटो आणि आठवण हे दोन वेगळे साक्षीदार आहेत. एकाच्या तोंडात दुसऱ्याची साक्ष घातली की दोघांचीही साक्ष जाते. समोरचा वकील अ‍ॅटलसची पाटी दोन मिनिटांत दाखवेल, आणि मग आपले खरे कागदही खोटे वाटू लागतील.

आणि दुसरं. ‘उर्दू पाट्या हल्लीच्या आहेत’ असं म्हणणाऱ्याला मी फोटोतला बारीक पुरावा दाखवतो, नंबरप्लेट आणि शुद्धलेखनाची टिंबं दाखवतो, तेव्हा त्याने तो मान्य करावा अशी माझी अपेक्षा असते. ही अपेक्षा मी कोणत्या तोंडाने ठेवू, जर त्याच कसोटीवर माझ्या आजोबांचा फोटो उतरत नसताना मी गप्प बसलो तर? कसोटी एकच असते. ती आपल्या घरापासून सुरू झाली तरच दुसऱ्याच्या दारात नेता येते. साक्ष द्यायची वेळ आली तर ती स्वतःच्या किंवा आई-बापाच्या विरुद्ध जात असली तरी खरी द्या, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती फक्त कोर्टासाठी नाही, फोटोखालच्या ओळीसाठीही आहे.

म्हणून वाचकांना, विशेषतः आपल्या घरांतल्या मंडळींना, थोडं काम सांगतो. पेटीतले, कपाटावरचे फोटो काढा. दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. मागे स्टुडिओचा शिक्का, तारीख, एखादं नाव असतं, आणि नेमकी तीच बाजू आपण सोडतो. बॉलपेनने लिहू नका, शाई उमटते. मागे हलक्या हाताने मऊ पेन्सिलीने लिहा. सन माहीत नसेल तर ‘अमुक ते तमुक’ लिहा, आणि कशावरून ते लिहा. कुणी सांगितलं त्यांचं नाव लिहा, आणि सांगितलं त्या दिवसाची तारीखही. कॅमेऱ्याने फोटोच्या कोपऱ्यात छापलेल्या लाल आकड्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. बॅटरी बदलल्यावर घड्याळ लावायचा कंटाळा आपल्याकडे सार्वत्रिक होता. आणि घरातल्या बायकांना विचारा. पुरुष सांगतात, “असेल साठ-पासष्ट.” आजी सांगते, “तुझ्या फुप्पूच्या वेळी मला दिवस गेले होते तेव्हाचा.” फुप्पूच्या जन्माचा दाखला असतोच. त्याहून पक्की तारीख कुठली?

आमच्या फाइलचं काय झालं ते सांगतो. फोटो सगळ्यात वरून काढला आणि मागे ‘सुमारे १९६९–७४’ असं लिहून जोडला. मग दोन रविवार माळा धुंडाळला. एका डब्यात, पंप आणि वॉल्व्हच्या रबराखाली, जागेच्या भाड्याच्या पावत्या निघाल्या. सगळ्यात जुनी पावती एक आण्याचं तिकीट लावलेली, तिच्यावर शाईने तारीख : १९४९. संस्थान विलीन झाल्यानंतरचं पुढचंच वर्ष. म्हणजे राजेसाहेबांच्या काळातलं दुकान हा आमचा दिमाख एका वर्षाने हुकला. भाऊ जरा हिरमुसला. मी म्हटलं, “१९४९ पासून तरी” हे तुझ्या हातात आहे, आणि त्यातला ‘तरी’ कुणाला काढता येणार नाही. सुनावणी अजून चालू आहे.

चाचा महिनाभर माझ्याशी मोजकंच बोलले. परवा दुकानावर गेलो तर फ्रेम पुन्हा भिंतीवर होती. जुनी ओळ गेली होती. त्याच वळणदार अक्षरात नवी पट्टी चिकटवली होती : ‘सन १९६९ ते १९७४ च्या दरम्यान.’ मी काही बोललो नाही, त्यांनीही नाही. चहा मात्र आला.

बाहेरच्या फ्लेक्सवर अजून ‘स्थापना १९४२’ आहे. असू दे. फ्लेक्स काही दोन पावसाळ्यांच्या पुढे टिकत नाही.